तबकडीवर नाचणारे आबा

भुसावळच्या लोकोशेडमधून फिटर म्हणून निवृत्त झालो आणि आबांचा चावीचा ग्रामोफोन माळ्यावरून खाली काढला. तो वाजायला लागला तसं अमेरिकेतल्या जुन्या नाचऱ्या खेळण्यांनी डोक्यात घर केलं. 1915च्या सुमारास बोस्टनच्या नॅशनल कंपनीचं 'रॅगटाइम रास्टस' होतं. तबकडीच्या खुंटीवर बसवायचं, की लाकडी बाहुला पाय आपटत नाचायचा. 'सियाम सू' ही दुसरी बाहुली. अस्सल नग माझ्या पेन्शनीत बसत नाहीत. शिवाय रास्टसचं नाव आणि चेहरा काळ्या लोकांची टिंगल करायलाच केलेला. म्हटलं, युक्ती त्यांची घेऊ, चेहरा आपला.

आधी नंदुरबारकडच्या काठी गावच्या होळीतला मोरपिसांचा टोप घातलेला नर्तक काढायला बसलो. अर्ध्यात पेन्सिल थांबली. पावरा आदिवासी माणसाची बाहुली करून मी तरी वेगळं काय करत होतो? मग धोतर-टोपीतले आबाच कोरले.

बारा सेंटिमीटर उंची पुरते. धड पांगाऱ्याचं, पण पावलं सागाची. हलकी पावलं नुसती फडफडतात, ठेका धरत नाहीत. गुडघा आणि मांडीचा सांधा ढिला हवा: भोक दोन मिलिमीटरचं, तार एकची. फिटरच्या सवयीनं मी पहिल्यांदा सगळं घट्ट बसवलं, आणि आबा खांबासारखे उभेच.

खाली सहा सेंटिमीटर व्यासाचा लाकडी गोल घ्या. याहून मोठा नको, तो तबकडीच्या लेबलवरच मावला पाहिजे, नाहीतर शेवटच्या ओळींत साउंडबॉक्स, म्हणजे सुई धरणारी गोल डबी, येऊन आदळेल. गोलाला खालून खुंटीसाठी सव्वासात मिलिमीटरचं भोक, बुडाला नमदा. गोल तबकडीबरोबर फिरतो. त्याच्या माथ्यावर मधोमध खिळा उभा करून त्यात एक पट्टी सैल अडकवा. ही पट्टी फिरू द्यायची नाही. तिला तार बांधून ती डाव्या बाजूनं, तबकडीवरून अधांतरी नेऊन पेटीच्या कडेला टेकवा. उजवीकडे साउंडबॉक्सचा रस्ता आहे.

पट्टीच्या बाहेरच्या टोकाला बांबूची पातळ कामटी एका बाजूनं ठोका. तिचं मोकळं टोक गोलाच्या कडेवर येऊ द्या. पट्टीवरच्याच वाकड्या तारेला बाहुला पाठीनं लटकवा, पावलं कामटीच्या जेमतेम वर. आता गोलाच्या कडेला तीन मिलिमीटरचे उंचवटे चिकटवा. ते फिरताना कामटी उचलतात, कामटी पावलांना टोले देते.

उंचवटे किती, इथेच माझे चार दिवस गेले. तबकडी मिनिटाला 78 फेरे घेते. चार उंचवट्यांचे 312 टोले होतात, आबांना हिवताप भरल्यासारखं दिसतं. दोनच ठेवा. 156 टोल्यांना पाय खरंच नाचतात.

वजन मात्र जपा. जड झालं की स्प्रिंग दमते, गाणं खर्जात उतरतं. तबकडीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवून घड्याळ लावून फेरे मोजा: आधी रिकामे, मग आबांसकट. जुनी तबकडी लाखेची, पडली की तुकडे. प्रयोगाला आधीच ओरखडलेली घ्या.

अस्सल म्हणून कुणी विकायला आणलं तर आधी स्क्रू बघा. फुलीच्या खाचेचे स्क्रू 1930च्या दशकातले. 1915च्या खेळण्यात दिसले तर नक्कल तरी आहे किंवा नंतरची दुरुस्ती. सांध्यांची भोकंही बघा, खूप नाचलेल्या बाहुल्याच्या भोकांच्या कडा तारेनं झिजलेल्या असतात.

पहिल्यांदा जमलं तेव्हा धाकटी बहीण धुळ्याहून आलेली होती. ती ओरडली, "हाऊ ते आबाच नाचस!" आबांना प्रत्यक्षात नाचताना आम्ही दोघांनीही कधी पाहिलेलं नाही.

एक बाजू तीनेक मिनिटांची. शेवटी शेवटी आबा पाय ओढायला लागले तर बाहुला उचकटू नका, चावी कमी भरली आहे.