२८ हजारांच्या पगारात ट्रेडिंगसाठी कॅपिटल कसं जमवायचं

पहिले एक गोष्ट सांगून देतो भाऊ, कॅपिटल ट्रेडिंगमधून बनत नाही, ते पगारातून बनते. मी उलटं करून पाहिलं. बायकोची भिशी लागली होती, २० हजार, तिला विचारून म्हणजे अर्धवट विचारूनच ते ऑप्शनमध्ये, म्हणजे बाजार ठराविक दिवसापर्यंत चढेल का पडेल यावरच्या सौद्यात टाकले, तेव्हा निफ्टीची एक्स्पायरी, म्हणजे त्या सौद्याची मुदत संपायचा दिवस, गुरुवारी असायची, त्या दिवशी सकाळी अकरापर्यंत सहा हजार प्लस दिसत होते आणि साडेतीनला खात्यात उरले १,४००. त्या रात्री घरी कोणीच काही बोललं नाही, तेच जास्त लागलं. नंतर कळलं मी काही एकटाच नाही, शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ मध्ये एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर आणि ऑप्शन, करणाऱ्या दर १०० साध्या ट्रेडरपैकी ९३ जण लॉसमध्ये होते.

आता कसं करून राहिलो ते सांगतो. हिंगण्याला कंपनीत आहे, मानेवाड्याला भाड्यानं राहतो, दोन पोरं. पहिले डायरी घेऊन बसा आणि वर्षातून एकदाच येणारे खर्च लिहा, महिन्याचे नाही. नागपूरचा मे म्हणजे कूलर दिवसरात्र चालू, लाइट बिल हिवाळ्याच्या तिप्पट, जूनमध्ये शाळेची फी, मग गाडीचा इन्शुरन्स, दिवाळी. माझं ३६ हजार निघालं, म्हणजे महिन्याला ३ हजार, त्याची आरडी लावली. हे नाही केलं तर दर जूनमध्ये तुमचं ट्रेडिंगचं कॅपिटल शाळेत जमा होते, माझं दोनदा झालं. सोबत दोन-तीन महिन्यांचा घरखर्च एफडीत पाहिजे, तो जमेपर्यंत शेअरचं नावच घेऊ नका, कंटाळवाणं आहे पण दुसरा रस्ता मला तरी दिसला नाही.

मग जे उरते ते कॅपिटल. माझे १,५०० उरतात. ते महिन्याच्या २ तारखेला आपोआप दुसऱ्या बँकेच्या सेव्हिंग खात्यात जातात, त्या खात्याचं एटीएम कार्ड घेतलंच नाही आणि त्यावर यूपीआयही नाही. ब्रोकरकडे पैसा ठेवू नका, अ‍ॅपमध्ये बॅलन्स दिसला का हात खाजवते. ओव्हरटाइमचे अर्धे आणि बोनसचा थोडा भाग इकडेच. बायको फॉल-पिको करते, तो पैसा तिचा, त्याला हात लावायचा नाही, भिशी तर विसराच.

शिकायचं असेल तर मधल्या काळात डिलिव्हरीत, म्हणजे पूर्ण पैसे देऊन स्वतःच्या खात्यात ठेवायला, एक-दोन शेअर घ्या, पण चार्जेस पाहून. विकताना डीपी चार्ज, म्हणजे शेअर ज्या डीमॅट खात्यात राहतात तिथून काढायची फी, लागतो, साधारण १५ ते २० रुपये, माल हजाराचा असो का लाखाचा, तेवढाच. म्हणजे हजाराच्या मालावर दीड-दोन टक्के तिथंच गेले, वरून एसटीटी, म्हणजे सौद्यावरचा सरकारी टॅक्स, घेताना ०.१ टक्का आणि विकताना तेवढाच. म्हणून पाच हजाराच्या खाली सौदा करण्यात मजा नाही. डीमॅट खातं बेसिक सर्व्हिसवालं, म्हणजे छोट्या होल्डिंगवाल्यांसाठीचं, करून घ्या, ४ लाखांपर्यंतच्या होल्डिंगला वर्षाचा मेंटेनन्स लागत नाही. वर्षाच्या आत विकून नफा झाला तर २० टक्के टॅक्सचा नियम आहे, तोही डोक्यात ठेवा.

३०-३५ हजार झाले का खरं ट्रेडिंग सुरू करा. एका सौद्यात कॅपिटलच्या १ टक्क्याहून जास्त जाऊ द्यायचं नाही. समजा ३६ हजार आहेत, तर ३६० रुपये. शेअर ४०० चा, स्टॉपलॉस, म्हणजे तोटा घेऊन बाहेर पडायचा भाव, ३८० ला, एका शेअरमागे रिस्क २० रुपये, ३६० भागिले २० म्हणजे १८ शेअर, त्याला ७,२०० लागतील. बस एवढंच गणित आहे बे, पण कोणी करत नाही. इंट्राडेचं लिव्हरेज, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकायला ब्रोकर देतो तो उधारीचा जोर, आणि एफ अँड ओ सध्या राहू द्या, नोव्हेंबर २०२४ पासून एफ अँड ओमधला निफ्टीसारख्या इंडेक्सचा नवीन कॉन्ट्रॅक्टच किमान १५ लाखांच्या व्हॅल्यूचा ठेवतात, आपल्या खिशाचं ते काम नाही.

आणि हिशोब लपवू नका. आमच्याकडे दुधाचा हिशोब ज्या डायरीत त्याच डायरीच्या समोरच्या पानावर माझे सौदे असतात, बायको वाचते. महिन्यात हजार गेले का ती पानावर आडवी रेघ मारते, मग पुढच्या पगारापर्यंत अ‍ॅप उघडायचं नाही. या महिन्यात १२ तारखेलाच मारली.