दाखल्यावर १० टक्के, कायद्यात २० टक्के: माझा अनुभव

२०२२ साली पॉवर प्रेसवर काम करताना उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलं. वय ३५, पगार महिना १५,००० रुपये. कारखान्यात आम्ही सहाच जण, त्यामुळे ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) नव्हता.

दवाखान्याच्या दाखल्यावर अपंगत्व १० टक्के लिहिलं होतं. मालकांनी त्याच आकड्यावर हिशोब मांडला आणि सही करायला सांगितलं. पेन डाव्या हातात धरलं, पण सही काही केली नाही. बायको म्हणाली, "आधी कुणाला तरी विचारा."

युनियनच्या एका दादांनी तेव्हा लागू असलेल्या (नोव्हेंबर २०२५ पर्यंतच्या) कर्मचारी भरपाई कायदा, १९२३ ची पहिली अनुसूची, म्हणजे दुखापती आणि त्यांच्या टक्क्यांची यादी, उघडून दाखवली. एका हाताची दोन बोटं गेली, तर कमाईची क्षमता २० टक्के घटली असं तिथे सरळ लिहिलं होतं. शरीराचं अपंगत्व वेगळं, कमाईतली घट वेगळी. अनुसूचीत असलेल्या दुखापतीला अनुसूचीचाच टक्का लागतो. नसलेल्या दुखापतीतच डॉक्टरांनी ठरवलेली कमाईतली घट धरतात.

मग हिशोब असा: पगाराचे ६० टक्के म्हणजे ९,०००. त्याला कायद्यात ३५ वयासाठी दिलेल्या गुणांकाने, १९७.०६ ने, गुणलं. झाले १७,७३,५४०. त्याचे २० टक्के, ३,५४,७०८ रुपये. १० टक्क्यांनी निम्मेच मिळाले असते!

अर्ज कामगार न्यायालयात केला. त्या कायद्यात मुदत अपघातापासून दोन वर्षं होती, म्हणून दिवस घालवू नका. पगाराची पावती, वयाचा पुरावा आणि पहिल्या दिवसाचे केसपेपर जपून ठेवा. माझे केसपेपर रक्ताने डागाळलेले होते, तेच कामी आले. महिन्याभरात पैसे न दिल्याबद्दल १२ टक्के व्याजही मिळालं.