जुन्या पिकअपचा एसी: गॅस भरण्याआधी या चुका टाळा

एप्रिल उजाडला की ठाण्यात कुठल्याही एसीवाल्याकडे गाडी न्या, पहिलं वाक्य ठरलेलं: "गॅस कमी झालाय, टाकून देतो." माझी २००९ची डबल केबिन पिकअप. एका उन्हाळ्यात मी दोनदा गॅस भरून घेतला. पंधरा दिवस गारेगार, मग पुन्हा काचा खाली.

गॅस म्हणजे डिझेल नव्हे, गाडी चालली म्हणून तो संपत नाही. बंद नळ्यांत तोच तो फिरत राहतो. जुन्या रबरी पाइपांतून वर्षाकाठी थोडाफार झिरपतो, ते सोडून द्या. पंधरा दिवसांत कूलिंग गेलं तर गळती आहेच, आणि ती न शोधता गॅस भरणं ही सगळ्यात महागडी चूक.

शोधायची कशी? गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाचं, तेलही फिरतं. त्यामुळे गळतीच्या जागी तेलकट डाग पडतो आणि त्यावर धूळ बसून काळा चिकटा धरतो. पाइपांचे सांधे, कॉम्प्रेसरची पुढची बाजू, कंडेन्सरचे (गॅस गार करणारी पुढची जाळी) खालचे कोपरे बॅटरी मारून बघा. माझ्या गाडीत तो डाग बंपरमागे, कंडेन्सरच्या डाव्या कोपऱ्यात, जेमतेम बोटाएवढा होता. साबणाचं पाणी लावल्यावर मोहरीएवढे बुडबुडे एकामागोमाग येऊ लागले. खाडीची खारी हवा आणि पावसाळ्यातला चिखल, अॅल्युमिनियम किती दिवस टिकणार? सिस्टीम रिकामी असेल तर नायट्रोजनचं प्रेशर देऊन तपासायला सांगा. टायरमध्ये भरायची हवा आत सोडू देऊ नका. तिच्यासोबत पाणी जातं.

इंजिन बंद असताना गेज दाखवून "बघा, फुल आहे" म्हणणाऱ्यावरही विश्वास ठेवू नका. आर-१३४ए गॅस ३० अंशांना साधारण ९५ पीएसआय दाखवतो, आत २०० ग्रॅम असो वा ६००. थोडा द्रव शिल्लक असला की झालं. किती भरायचा ते बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. वजनकाट्यावर मोजून भरून घ्या. जास्त झाला तर कूलिंग वाढत नाही, उलट घटतं आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो.

सिस्टीम उघडली की ड्रायर (ओलावा शोषणारी डबी) आणि सांध्यांच्या ओ-रिंगा (रबरी कड्या) नव्या टाकायच्या. मग किमान अर्धा तास व्हॅक्यूम, म्हणजे मशीनने आतली हवा आणि ओलावा ओढून काढायचा. मशीन बंद करून आणखी वीसेक मिनिटं गेजच्या काट्याकडे बघत बसा, तो वर चढला तर गळती अजून आहे. इथेच घाई होते, कारण मागे चार गाड्या उभ्या असतात. आपल्याकडच्या दमट हवेतलं पाणी आत राहिलं तर एक्सपान्शन व्हॉल्वपाशी (जिथल्या बारीक छिद्रातून सुटून गॅस गार होतो) त्याचा बर्फ होतो: एसी थोडा वेळ गार, मग एकदम बंद, मग पुन्हा गार.

आता घोडबंदरचा जॅम. गायमुखला रांगेत उभे असताना गरम वारा आणि पाम बीच रोडला गाडी पळाली की गार, असं होत असेल तर आधी कंडेन्सरचा फॅन बघा. फिरतो का? जाळीत चिखल अडकलाय का? साध्या नळाच्या पाण्याने धुवा. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरने पातळ पत्र्या वाकतात.

ब्लोअर फक्त शेवटच्या स्पीडवर चालत असेल तर बहुतेक त्याचा वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टर जळालाय. कॉम्प्रेसर लागत नाही म्हणून प्रेशर स्विचला (गॅस कमी असला की कॉम्प्रेसर बंद ठेवणारा) वायर जोडून कॉम्प्रेसर 'डायरेक्ट' करणारेही भेटतात. गॅस नाही म्हणजे तेलही फिरत नाही, आणि तसाच कोरडा फिरला तर कॉम्प्रेसर जॅम होतो.

आणि शेजारी बसलेल्याच्या पायावर पाणी ठिबकत असेल तर त्याचा गॅसशी काडीचाही संबंध नाही. ड्रेनची नळी चोंदलीय. गाडीखालून पातळ तार हलक्या हाताने फिरवा, फार आत खुपसू नका, वर कूलिंग कॉइल आहे. आधी चिखलाचा गोळा पडतो, पाठोपाठ तांब्याभर पाणी. तोंड बाजूला ठेवा.