की सिग्नेचर: घोकण्याआधी मोजा

की सिग्नेचर म्हणजे स्वरलिपीच्या ओळीच्या सुरुवातीची शार्प किंवा फ्लॅटची चिन्हं. शार्प स्वराला अर्धा स्वर वर नेतो, फ्लॅट अर्धा स्वर खाली. ही चिन्हं बघून रचना कोणत्या स्केलमध्ये, म्हणजे स्वरमालेत आहे ते ओळखायचं असतं. पियानो शिकताना मी पंधराही स्केलचा तक्ता पाठ केला होता. नवीन पान समोर आलं की सगळं कोरं! मग तक्ता गुंडाळून ठेवला आणि फक्त क्रम पाठ केला: एफ, सी, जी, डी, ए, ई, बी. शार्प कायम याच क्रमाने येतात. दोन शार्प म्हणजे एफ आणि सीच, दुसरे कुठले नाहीत. फ्लॅटसाठी हाच क्रम उलटा वाचायचा.

आता नाव ओळखा. स्केलचे मेजर आणि मायनर असे दोन प्रकार धरू. शेवटच्या शार्पच्या अर्धा स्वर वर मेजरचं नाव असतं. शेवटचा सी शार्प, म्हणजे डी मेजर. फ्लॅट असतील तर शेवटून दुसरा बघा: बी, ई, ए असे तीन असले तर ई फ्लॅट मेजर. एकच फ्लॅट असेल तर मागे बघायला काही नाहीच. तो एफ मेजर, हा एवढा तोंडपाठ करा.

मला सर्वांत आवडलेली गंमत सातच्या बेरजेची. डी मेजरला २ शार्प, तर डी फ्लॅट मेजरला ५ फ्लॅट, मिळून सात. एला ३, ए फ्लॅटला ४. अर्धं पाठांतर वाचलं!

त्याच चिन्हांच्या मायनरसाठी मेजरपासून तीन अर्धे स्वर खाली उतरा. डीवरून बी मायनर. दोन्हींतलं नेमकं कोणतं, हे चिन्हं सांगत नाहीत. मी आधी शेवटच्या मापातला (उभ्या रेषांमधल्या शेवटच्या कप्प्यातला) सर्वांत खालचा स्वर बघते, बहुतेकदा तिथेच उत्तर मिळतं.

आणि वाजवण्यापूर्वी त्या शार्प-फ्लॅटच्या पट्ट्यांवरून एकदा नुसती बोटं फिरवा.