पुण्यात गच्चीवर हिवाळी भाजीपाला कसा लावावा

कुंड्या, पोयट्याची माती आणि चांगले मुरलेले शेणखत हाताशी आहे, असे गृहीत धरून लिहिते. जागा मात्र आजच्या उन्हावरून ठरवू नये. दक्षिणायनात सूर्य खाली सरकतो आणि डिसेंबरअखेर भर दुपारीसुद्धा पुण्यात तो दक्षिण क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवरच असतो. त्यामुळे जूनमध्ये उन्हाने न्हाणारी उत्तरेकडची गॅलरी हिवाळ्यात दिवसभर सावलीत राहते, तर दक्षिणेकडच्या गॅलरीत ऊन थेट भिंतीपर्यंत येते.

‘गणपती गेले की पेरा’ हा सर्रास मिळणारा सल्ला मला पटत नाही. तेव्हा परतीचा पाऊस बाकी असतो आणि त्यामागोमाग ऑक्टोबरचे ऊन तापते. टोमॅटो, वांगी, कोबी आणि फ्लॉवर यांचे बी घटस्थापनेच्या आसपास ट्रेमध्ये टाकावे, म्हणजे दिवाळीच्या सुमारास रोपे कुंडीत जातात. मेथी आणि कोथिंबीर ऑक्टोबरच्या मध्यापासून थेट कुंडीत पेरावी. पालक, गाजर आणि वाटाणा यांना थंडीची चाहूल लागू द्यावी, कारण कडक उन्हात पालकाचे बी नीट उगवत नाही.

आता ज्या टप्प्यावर मी सलग तीन वर्षे हरले त्याविषयी. बी उत्तम उगवायचे, पाच-सहा दिवस ट्रे हिरवागार दिसायचा आणि मग एखाद्या सकाळी निम्मी रोपे आडवी झालेली असायची. उपटून पाहिले की मातीलगतचे देठ पाणथळ, तपकिरी आणि दोऱ्यासारखे बारीक झालेले दिसे. आधी मी चिमण्यांवर संशय घेतला, मग गोगलगायींवर, आणि एकदा तर बी खराब दिले म्हणून दुकानदाराशी भांडूनही आले. बी निर्दोष होते; दोष माझ्या झारीचा होता.

या रोगाला रोपे कोलमडणे किंवा रोपांची मर म्हणतात. पिथियमसारख्या बुरशी मातीत असतातच, पण सतत ओल, दाट पेरणी आणि कोंदट हवा मिळाली की त्या कोवळ्या देठावर तुटून पडतात. ‘रोपांना सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा’ असे जो सांगेल त्याचे ऐकू नये. संध्याकाळचे पाणी रात्रभर सुकत नाही आणि बुरशीला तेवढेच हवे असते. ट्रेवर प्लॅस्टिक झाकण्याचा सल्लाही आपल्याकडच्या दमट सप्टेंबर-ऑक्टोबरात घातकच ठरतो.

ट्रे साबणाने धुऊन उन्हात वाळवावा आणि त्यात जुन्या कुंडीतली माती न घालता कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) व चाळलेले गांडूळखत भरावे. ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला रोखणाऱ्या उपयुक्त बुरशीची पावडर, मिसळायची असल्यास ती पेरणीपूर्वीच मिसळावी. आडव्या झालेल्या रोपाला ती उभे करत नाही. एका खणात दोनच बिया अर्धा सेंटिमीटर खोल टाकाव्यात. पाणी वरून न देता ट्रे पाण्याच्या परातीत दहा-पंधरा मिनिटे ठेवावा, वरचा थर ओला होऊन गडद दिसला की बाहेर काढून निथळू द्यावा आणि पुढचे पाणी तो थर फिकट पडल्यावर, ट्रे उचलून हलका लागल्यावर, तेही सकाळीच द्यावे.

उजेडाची गल्लत तितकीच महागात पडते. घटातले धान उंच आणि पिवळसर दिसते ते देवघरातल्या अपुऱ्या उजेडामुळे. नवरात्रात ते शोभते, पण टोमॅटोचे रोप तसे झाले की ते स्वतःचे वजनसुद्धा पेलत नाही. म्हणून कोंब वर येताच ट्रे सकाळच्या उन्हात ठेवावा, फक्त ऑक्टोबरच्या दुपारी त्यावर हिरवी जाळी धरावी. एवढे करूनही एखादा कोपरा कोलमडला, तर तेवढी रोपे मातीसकट काढून टाकावीत आणि दोन दिवस ट्रेला पाणी दाखवू नये.

हा सारा व्याप नको असेल, तर सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या आसपास रोपवाटिका आहेत, तिथून तयार रोपे आणण्यात कमीपणा नाही. फ्लॉवरच्या बाबतीत मी तेच करते, कारण त्याचे लवकर आणि उशिरा येणारे वाण वेगवेगळे असतात आणि चुकीच्या महिन्यात लावलेला वाण बटणाएवढा गड्डा धरून थांबतो.

चार-पाच पानांचे, साधारण २५ ते ३० दिवसांचे रोप संध्याकाळी कुंडीत लावावे. टोमॅटोचे देठ खोल गाडले तरी चालते, त्याला तिथूनच मुळे फुटतात. मेथी दाट फेकावी. धणे चपलेखाली हलके रगडून दोन फाकी कराव्यात, रात्रभर भिजवावेत आणि उगवणीला आठ-दहा दिवस लागले तर कुंडी उकरून पाहू नये. पुदिन्यासाठी मंडईतल्या जुडीतल्या चार जाड काड्या पाण्यात ठेवल्या की पुरे. कोबीवर मावा ही रस शोषणारी बारीक कीड दिसल्यास निंबोळी तेल आणि थोडे साबणाचे पाणी फवारावे, पण पानामागच्या अळ्या हातानेच वेचाव्यात.

मेथी-कोथिंबिरीची नवी कुंडी दर दहा-बारा दिवसांनी जानेवारीपर्यंत पेरत राहावी. फेब्रुवारीत ऊन चढले की कोथिंबीर फुलावर येते; तेव्हा एक कुंडी तशीच राखून तिचे धणे वाळवून ठेवावेत, कारण पुढच्या ऑक्टोबरात पेरायला ते वाण्याकडच्या जुन्या धण्यांपेक्षा केव्हाही बरे.