जुनं छोटं वॉशिंग मशीन घेताना काय तपासावं

नवी मुंबईत घणसोली-कोपरखैरणेच्या वन आरकेत (एक खोली आणि स्वयंपाकघर) किंवा ठाण्याजवळ कळव्याच्या चाळीत मोठं मशीन मावत नाही, तिथे ३ किलोचं छोटं जुनं मशीन चांगलं. आधी मोरीची जागा मोजा. ३ किलो म्हणजे कोरड्या कपड्यांचं वजन. त्यात जाड चादर कोंबू नका, मोटरवर ताण येतो.

विकणाऱ्याच्या घरीच पाणी भरून चालवून बघा. कोरडं फिरवून दाखवलं तर खरा दोष कळत नाही. अर्धा टब पाणी, दोन-तीन कपडे, १० मिनिटं. मोटर नुसती घूं करते आणि पंखा (टबाच्या तळाची कपडे घुसळणारी चकती) फिरत नाही, तर बहुधा कपॅसिटर (मोटर सुरू व्हायला मदत करणारा भाग) गेलेला असतो. हा भाग स्वस्त असतो, तेवढ्यासाठी मशीन सोडू नका, भाव कमी करा. जळका वास आला तर मात्र सोडा.

पाणी भरून चालवताना मशीनखाली कोरडा कागद सरकवून ठेवा. मधोमध ओला झाला तर पंख्याखालचं सील गळतंय, आणि ते पाणी मोटरवर उतरतं. कडेला ओला झाला तर बहुतेक पाइपचा दोष.

ड्रायर असेल तर तो फिरत असताना झाकण उघडा. टब काही सेकंदांत थांबला पाहिजे. हात आत घालू नका.

प्लग काढून मशीन आडवं करा. आपल्याकडच्या दमट हवेत तळाचा पत्रा आणि स्क्रू आधी गंजतात. वरवरचा गंज चालेल, भोक नको. वायरीला चिकटपट्टीचे जोड असतील तर नवी तीन पिनांची वायर बसवून, अर्थिंग तपासूनच वापरा.