घरच्या प्रार्थनेत टोमणे मारणं कसं थांबवायचं

आमच्याकडे भांडुपला रात्री साडेनऊला कुटुंबप्रार्थना असते. वन बीएचके आहे, हॉलमध्येच सतरंजी टाकून बसतो, आई तेवढी दिवाणावर कारण तिचे गुडघे. दोनेक वर्षांपूर्वी एकदा बायकोशी माझं चांगलंच वाजलं होतं, कारण काय तर गावच्या घराच्या पत्र्यांसाठी मी भावाला पैसे पाठवले आणि तिला सांगितलंच नाही, तिला ते बँकेच्या मेसेजवरून कळलं. रात्री माझी पाळी आली तेव्हा मी डोळे मिटून एकदम भरल्या गळ्याने म्हटलं, हे प्रभू, या घरात समजूतदारपणा दे, आम्हाला मन मोठं करायला शिकव. आई आमेन म्हणाली, मुलं आमेन म्हणाली, ही नाही म्हणाली. उठून भांडी घासायला गेली, नळ फुल सोडून. झोपताना एवढंच म्हणाली, "मला जे बोलायचंय ते मला बोला ना, देवाला कशाला मधे घालता."

तेव्हापासून मी जे काही थोडंफार शिकलोय ते लिहितोय. मी पाळक म्हणजे चर्चचा पाद्री नाही, बायबल कॉलेजला गेलेलो नाही, रविवारी शेवटून तिसऱ्या बाकावर बसणारा माणूस आहे.

तर पहिलं काम. एक महिनाभर घरच्या प्रार्थनेत स्वतःच्या वागण्याबद्दल बोलायचं तर फक्त "मी" म्हणायचं, "आम्ही" नाही, "या घरात" नाही, "याला सुबुद्धी दे" तर अजिबातच नाही. आजारी माणसासाठी, परीक्षेसाठी, नोकरीसाठी दुसऱ्यांची नावं घ्या की, त्याला कोण नाही म्हणतंय, पण दुसऱ्याचा स्वभाव हा विषय बंद. ऐकायला सोपं वाटतं पण पहिल्या दिवशी माझी प्रार्थना अर्ध्या मिनिटात संपली, बोलायला काही उरलंच नाही, त्यावरून कळलं की मी इतकी वर्षं नेमकं काय मागत होतो.

बायबलात लूकच्या १८ व्या अध्यायात परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणारा) आणि जकातदार (लोक ज्याला पापी समजत) आहेत ना, मंदिरात गेलेले, तो परूशी देवाशी बोलतोय पण नजर शेजारच्यावर आहे, मी या जकातदारासारखा नाही म्हणून तुझे आभार. जकातदार मात्र खाली मान घालून एवढंच म्हणतो, मज पाप्यावर दया कर. लहानपणापासून संडे स्कूलमध्ये ऐकलेली गोष्ट, आणि मी कायम स्वतःला जकातदार समजत आलो. अडकलात तर स्तोत्र ५१ उघडा. दावीद राजाचं आहे, दुसऱ्याची बायको बथशेबा हिच्याशी त्याने केलेल्या व्यभिचारानंतरचं, ओळीओळीत माझा अपराध, माझं पाप, माझ्या ठायी शुद्ध हृदय उत्पन्न कर असं चाललंय. राजा माणूस, वाटलं असतं तर शंभर कारणं सांगितली असती, पण एकही नाही. दररोज दोन-तीन वचनं मोठ्याने वाचायची, पुरे.

आता "मी" म्हणतानाही एक पळवाट असते, ती बुजवायला लागते. "माझं काही चुकलं असेल तर क्षमा कर." हे "असेल तर" म्हणजे लबाडी आहे, सरळ सांगतो. काय चुकलं ते नाव घेऊन बोलायचं. मी बायकोपासून पैसे लपवले. मी मुलाला पाहुण्यांसमोर बावळट म्हटलं. बोलताना घसा कोरडा पडला तर समजा बरोबर जागी हात गेलाय. पश्चात्ताप या आपल्या शब्दात ताप आहे, नंतर होणारी जळजळ, पण नव्या करारात मूळ ग्रीक शब्द आहे मेटानोइया, त्यात मन पालटण्याचा अर्थ आहे. नुसती जळजळ तर ॲसिडिटीनेही होते.

दुसरं काम प्रार्थनेच्या आधीचं आहे आणि खरं तर तेच अवघड. मत्तय ५:२३-२४ बघा, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. म्हणजे सतरंजी टाकायच्या आधी किचनमध्ये जायचं. कसं जायचं तेही सांगतो कारण मी दोनदा चुकीचा गेलोय. सकाळी सहाला ती चार डबे भरत असते, एका हातात पोळी, गॅसवर भाजी, तेव्हा जाऊन "मला माफ कर" म्हणालात तर ते माफी मागणं नाही, ती अजून एक कटकट आहे. आईसमोर, मुलांसमोर मागायची नाही, कारण मग तिला सगळ्यांसमोर माफ करावंच लागतं. आणि वाक्यात "पण" आला की माफी संपली, "माझं चुकलं, पण तू पण..." हे बोलण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. मी शेवटी रात्री ती कपडे वाळत घालत होती तेव्हा गेलो, चिमटे देत उभा राहिलो आणि म्हटलं, पैशांचं मी तुझ्यापासून लपवलं, तू नाही म्हणशील याची भीती होती, माझं चुकलं. ती म्हणाली, "तो टॉवेल द्या." एवढंच. मला फार राग आला, एवढं बोललो आणि टॉवेल? मग लक्षात आलं की मी माफी नव्हती मागितली, पावती मागत होतो.

त्यासाठी जक्कयाकडे बघा, लूक १९, झाडावर चढलेला बुटका जकातदार. येशू त्याच्या घरी गेला तेव्हा तो नुसता सॉरी नाही म्हणाला, म्हणाला कोणाचं फसवून घेतलं असेल तर चौपट परत देतो. हिशोब केला त्याने! तर बदल जिथे मोजता येईल तिथे दाखवायचा. मी पासबुक तिच्यासमोर ठेवलं, खात्याच्या ॲपचा पिन तिला दिला, आणि गावाला पैसे पाठवायचे तर आधी दोघांनी बोलायचं ठरलं. दर महिन्याला ठरलेलं पाळणं हे रडून केलेल्या प्रार्थनेपेक्षा जास्त बोअरिंग आहे, आणि मला विचाराल तर जास्त आध्यात्मिक पण आहे.

मुलांचं थोडक्यात. कलस्सैकरांस पत्रात ३:२१ ला बापांना सांगितलंय की मुलांना चिडवू नका, ती खिन्न होतील. मी मुलाची माफी मागितली तर तो "ठीके पप्पा" म्हणून परत मोबाइलमध्ये. ठीके तर ठीके.

सूर्य मावळायच्या आत राग सोडा असं इफिसकरांस पत्रात आहे, पण मुंबईत सूर्य मावळतो तेव्हा मी दादरला स्लो लोकलची वाट बघत उभा असतो, त्यामुळे आमच्याकडे त्याचा अर्थ झोपायच्या आत असा लावलाय. तेही नाही जमलं तर निदान "उद्या बोलू" एवढं तरी म्हणायचं, पाठ फिरवून झोपायचं नाही.

समोरचा कधी बदलेल हे विचारू नका. कवी नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, त्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधे पाच वर्षं गेली, त्यात काही काळ दोघं वेगळे राहिले, आणि बाई आल्या त्या स्वतःच्या मनाने आल्या. आपण तीन रविवार चांगलं वागतो आणि घरच्यांकडून रिझल्ट मागतो.

एक गोष्ट मात्र यात मिसळू नका. घरात मारहाण होत असेल, जिवाची भीती असेल, तर वरचं काहीही त्या बाईला लागू नाही. तिला "प्रार्थना कर, सहन कर" म्हणणारे आपल्याच मंडळीत असतात, आणि ते इफिस ५:२२ सांगतात, पत्नींनो अधीन असा, पण त्याच्या बरोबर आधीचं २१ वं वचन "एकमेकांच्या अधीन असा" हे वाचतच नाहीत. अशा वेळी १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, तातडीचं असेल तर ११२, आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे. आधी सुरक्षित जागा. माफीचं नंतर बघू, आणि ती द्यायची की नाही तेही तिने ठरवायचं.

बाकी किरकोळ. आईला नियम लावायला जाऊ नका, माझी आई अजूनही "प्रभू, माझ्या लेकाच्या जिभेला लगाम घाल" असं माझ्यासमोर मोठ्याने मागते, पंच्याहत्तरी ओलांडलीय, तिला सूट, मी आमेन म्हणतो. जो बसत नाही त्याला हाका मारायच्या नाहीत. टीव्ही बंद करून रिमोट आईच्या हातात द्यायचा म्हणजे भांडण नको. आणि कुकर प्रार्थनेच्या आधी उतरवून ठेवा, नाहीतर कोणीतरी एकजण पूर्ण वेळ शिट्ट्याच मोजत बसतं, आमच्याकडे ती बायकोच असायची, आता मी मोजतो.